एका चाळीची दोन लग्नं

गेल्या लग्नसराईत मी एकच चाळ दोन कुटुंबांना विकली.

मुंबईत हे नवीन नाही. असली कामं करून लोकांनी टॉवर उभे केलेत. माझी चाळ मात्र पुठ्ठ्याची होती, सव्वादोन फूट लांब, फूटभर उंच, आणि मी ती अत्यंत प्रामाणिकपणे दोनदा विकली. वाईट याचं वाटतं की माल मोजणं हाच माझा धंदा आहे. भांडुपच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी स्टोअरकीपर आहे. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, जे आत येतं ते मी लिहितो, जे बाहेर जातं तेही लिहितो, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हींचा मेळ बसतो. (एकदा तीन वॉशर जास्त निघाले होते. कुठून आले या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.)

चाळ केली होती सुरेखाने, म्हणजे माझ्या बायकोने. ती रुखवताच्या वस्तू बनवते. लग्नात मुलीकडचे टेबलावर मांडतात ना, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, नारळाला नऊवारी नेसवलेली नवरी, इवलासा संसार, ते सगळं. आमच्या मुलुंडच्या घरातली मधली खोली तिच्याच मालकीची आहे. तिथे पाय ठेवायचा तर आधी खाली बघावं लागतं, नाहीतर कुणाचं तरी लग्न मोडतं.

आमची मुलगी मिताली कॉम्प्युटरवाली. तिला बंगळूरला नोकरी लागली, आणि जायच्या आधी तिने आईला एक ऑनलाइन दुकान काढून दिलं. फोटो, किमती, पैसे भरायची सोय, सगळं झकास. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, साठा तू सांभाळ. घरात जितक्या वस्तू आहेत तितकाच आकडा साईटवर दिसायला हवा. एवढंच काम. बाकी कशाला हात लावू नकोस."

"मिताली, मी स्टोअरकीपर आहे."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

मी पहिल्याच शनिवारी वही घेऊन बसलो आणि सगळी खोली मोजून काढली. आकडे साईटवर चढवले. दोन्ही हात कंबरेवर ठेवून खोलीकडे बघितलं. इतकं नीटनेटकं काम या घरात आजवर झालं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी कारखान्यातून आलो तर सुरेखा दारातच उभी.

"अहो, सुपारीच्या पंधरा जोड्या मागवल्यात कुणीतरी. आपल्याकडे बारा आहेत."

"चोवीस आहेत. मी स्वतः मोजल्यात."

"चोवीस सुपाऱ्या आहेत. बारा नवरे आणि बारा नवऱ्या."

"मग नग चोवीसच झाले ना?"

"एकटा नवरदेव कोण विकत घेणार आहे?"

मी तिला समजावलं की कारखान्यात नट वेगळा मोजतात आणि बोल्ट वेगळा, पद्धतच आहे तशी. ती म्हणाली, कारखान्यात ते एकमेकांना हार घालत नाहीत. मग तिने दोन दिवसांत तीन जोड्या जास्तीच्या केल्या. त्या तिन्ही नवऱ्यांच्या चेहऱ्यावर जरा राग दिसत होता. करणारीच्या मनःस्थितीचा परिणाम असावा.

जोड्यांचं निस्तरलं, तरी आकडे जुळेनात. रोज संध्याकाळी साईटवरचा आकडा आणि फळीवरचा माल यात एकदोन नगांची तूट. कारखान्यात तूट आली की आपण गेटवर बघतो. इथे गेट म्हणजे माझी आई. ती ऐंशीची आहे, मूळची कुडाळकडची, आणि दुपारी तिच्याकडे सोसायटीतल्या बायका येतात. आलेलं माणूस रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही हा तिचा नियम. आणि हाताशी काय, तर आमचा माल.

मी गेटपासची वही केली. तारीख, वस्तू, नग, कारण, सही. वही आईच्या खाटेशेजारी ठेवली आणि तिला म्हटलं, "आई, काही द्यायचं असेल तर आधी यात लिहीत जा."

"माज्याच घरातली वस्तू देवक माका पास व्हयो?"

"सगळ्यांनाच हवा, आई. मलासुद्धा."

तिने चष्मा लावून वही पुढे-मागे उलटून बघितली आणि परत खाटेशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यात पहिली नोंद होती, तिच्या वळणदार अक्षरात. वस्तू: नारळाची नवरी. नग: एक. कारण: मन झाला.

ती शेवटची नवरी होती. मी कर्तव्य म्हणून साईटवर शून्य टाकलं, तर तिच्या फोटोवर लाल अक्षरांत आडवं आलं, 'साठा संपला'. आता बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण आमच्या धंद्यात यासारखी दुसरी नाचक्की नाही. आमचे मोठे साहेब एकदा एका बेअरिंगसाठी अर्धा दिवस मशीन बंद पडली तेव्हा मला जे बोलले होते, ते मला त्या लाल अक्षरांत दिसलं. मी साईटच्या आतल्या पानांवर शोधाशोध केली. एका कोपऱ्यात एक चौकोन होता आणि त्यासमोर लिहिलं होतं, 'साठा संपल्यावरही ऑर्डर घ्या'. मी तिथे बरोबरची खूण केली. लाल अक्षरं गेली. नुसती नवरीवरची नाही, सगळ्या दुकानातली.

मला इतकं बरं वाटलं, की जणू मीच माल बनवला.

याच सुमाराला चाळ पूर्ण झाली. सुरेखा अडीच महिने तिच्यावर खपत होती. तीन मजले, प्रत्येक मजल्याला गॅलरी, आगपेटीच्या काड्यांचे कठडे, दोऱ्यावर वाळत घातलेले नखाएवढे कपडे, दारोदारी चंदेरी कागदाची पिंपं, खालच्या भिंतीवर कोळशाने काढलेले स्टंप. शेजारपाजारचे बघायला आले आणि अर्धा तास बघत राहिले. एकाने तर वाकून एका खिडकीत डोकावून बघितलं, आत कोणी आहे का. सुरेखाने फोटो साईटवर चढवला आणि मला म्हणाली, "एकच आहे हं."

मी स्वतःच्या हाताने एक टाकला.

दोन तासांनी बघतो तर चाळ सात जणांच्या कार्टात. मी घाबरून मितालीला फोन लावला. "अगं, एक चाळ आणि सात गिऱ्हाइकं."

"बाबा, कार्टात टाकणं म्हणजे दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशात बघणं. ती काही विकली गेली नाही. ज्याने आधी पैसे भरले त्याची. त्याने भरले की एकाचा शून्य होतो, आणि मग दुसऱ्याला घेताच येत नाही. आपोआप होतं ते. तू काही बदललं नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो. आणि मला खरंच तसं वाटत होतं. मी नुसती खूण केली होती. खूण म्हणजे काही बदल नव्हे.

मंगळवारी मी कारखान्यात डबा खात असताना फोन वाजला. चाळ विकली गेली होती, घाटकोपरच्या एका बाईंना. मी मनात म्हटलं, वा. नऊ मिनिटांनी पुन्हा वाजला. चाळ विकली गेली होती. मला वाटलं तोच मेसेज दोनदा आला, येतात कधीकधी. पोळी संपवली, हात धुतले, आणि सहज साठा बघितला. तिथे लिहिलं होतं, उणे एक.

सव्वीस वर्षांत मी उणे एक हा आकडा फळीवर कधी पाहिलेला नाही. शून्य पाहिलंय. शून्य म्हणजे रिकामी फळी, तिच्यावर निदान धूळ तरी असते. उणे एक म्हणजे काय असतं, याचा मी डब्याचं झाकण हातात धरून बराच वेळ विचार करत होतो.

दुसरी ऑर्डर होती दहिसरच्या एका परबताईंची. दोन्हीकडे लग्न एकाच रविवारी, आणि तो रविवार बारा दिवसांवर.

घरी आल्यावर सुरेखाला सांगितलं. ती भाजी चिरत होती. ती चिरतच राहिली, मला ते जास्त भीतिदायक वाटलं. मितालीला फोन लावला, तिने तिथून साईट उघडली आणि एका मिनिटात तिला तो चौकोन सापडला.

"बाबा, ही खूण तू केलीस?"

"लाल अक्षरं वाईट दिसत होती गं."

तिने आधी तिथूनच ती खूण काढून टाकली. मग ती म्हणाली, "बाबा, ती वाईट दिसावीत म्हणूनच लाल असतात."

घाटकोपरवाल्यांनी आधी पैसे भरले होते, तेव्हा चाळ त्यांची. दहिसरला फोन करून नाही म्हणायचं काम माझं होतं, त्यात चर्चेला जागाच नव्हती. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. 'आम्ही दिलगीर आहोत' इथून सुरुवात होती आणि 'पैसे त्वरित परत करू' इथे शेवट. सुरेखाने फोन स्पीकरवर ठेवायला लावला. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, असं ती म्हणाली.

"परबताई, मी ते रुखवताच्या दुकानातून—"

"अय्या, बरं झालं दादा तुम्हीच केलात फोन. मी करणारच होते. ती चाळ नीट गुंडाळून पाठवा हां, वाटेत मोडायला नको."

"त्याबद्दलच जरा बोलायचं होतं."

"काय आहे ना दादा, आमची चाळ पाडली. दहिसरची. दीड वर्ष झालं. आता भाड्याने राहतोय, टॉवर होईल तेव्हा होईल. माझी सायली तिथेच जन्मली, गॅलरीत चालायला शिकली. हे गेले तेव्हा ती सहा वर्षांची, मी कामावर जायचे तर अख्ख्या चाळीने सांभाळलं तिला. परवा मला विचारते, आई, लग्नानंतर मी माहेरी येणार म्हणजे नक्की कुठे येणार गं? आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने तुमचा फोटो दाखवला. म्हटलं, बाई, तू माहेरी यायला नको. माहेरच घेऊन जा."

मी कागदाकडे बघितलं. 'आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य माझ्याच अक्षरात होतं, पण मला ते वाचता येईना.

सुरेखाने माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, तुमच्या चाळीला मजले किती होते?"

"दोन. तळ आणि वरचा."

"खोल्या?"

"बावीस. अकरा खाली, अकरा वर. आमची सात नंबर."

"जिना?"

"मध्ये, लाकडी. तिसरी पायरी मोडकी. नवा माणूस हमखास धडपडायचा."

"रंग?"

"पिवळा होता म्हणतात. आम्ही बघतोय तेव्हापासून मळकाच."

सुरेखाने सगळं माझ्या कागदाच्या मागे लिहून घेतलं. "सायलीकडे जुने फोटो असतील तर पाठवायला सांगा," ती म्हणाली. "साईटवरची तीन मजली आहे, ती तुमची नव्हे. तुम्हाला तुमची देते."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सुरेखा, पहिलीला अडीच महिने लागले होते."

"तेव्हा मी एकटी होते. आता तुम्ही आहात."

हे तिने कौतुक म्हणून म्हटलं नव्हतं.

मी कारखान्यातून रजा काढली. (कारण विचारलं तेव्हा 'घराचं बांधकाम' असं लिहून दिलं. साहेबांनी अभिनंदन केलं.) पहिल्या दिवशी मालाची यादी केली. पुठ्ठा, काड्या, दोरा, रंग, दारं बावीस, खिडक्या बावीस. दारं कापायचं काम माझ्याकडे होतं. मी ती बुटाच्या खोक्यातून कापली, तपकिरी रंगवली, बारीक पेनाने एकेकावर एक ते बावीस नंबर घातले आणि वहीत लिहिलं, 'दारं बावीस, भिंतीसाठी दिली'. आईने जुन्या पातळाच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवल्या, तळहातावर चार मावतील एवढ्या. चष्म्याशिवाय.

मी उभी केलेली पहिली भिंत बघून सुरेखा म्हणाली, "ही झुकलीय."

"जुनी चाळ आहे."

"जुनी आहे. पडकी नव्हती."

मी भिंत पुन्हा केली. जिना मात्र मी असा केला, की बघत राहावं. अठरा पायऱ्या, सगळ्या सारख्या, फुटपट्टी लावून. सुरेखाने तो हातात घेतला, छान झालाय म्हणाली, आणि अंगठ्याने तिसरी पायरी मोडली. मला कळत होतं की ती मोडायलाच हवी. तरी मी थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

अकराव्या दिवशी मी वरच्या मजल्याची दारं चिकटवली. सुरेखाने स्वयंपाकघरातून विचारलं, "झाली बावीस?"

मी वही बघितली. "झाली."

घाटकोपरची तीन मजली चाळ टेंपोने सुखरूप पोचली, त्या बाईंचा आभाराचा फोनही आला. दहिसरची मी स्वतः घेऊन निघालो, रविवारी सकाळी, भाड्याच्या गाडीत, मांडीवर. सुरेखा शेजारी. घोडबंदर रोडवरचा एकेक गतिरोधक मला अजून पाठ आहे. ड्रायव्हर आरशातून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "साब, बिल्डर हो क्या?"

"नहीं. स्टोअरकीपर."

"फिर भी देखो ना. मेरेको एक खोली चलेगी."

हॉलमध्ये परबताई धावतच आल्या. बुटक्याशा, हिरव्या साडीत, एका हातात हळदीकुंकवाचं ताट, दुसऱ्यात कुणाचं तरी रडणारं पोर. चाळ टेबलावर ठेवून वरचा कागद काढला तेव्हा त्यांनी पोर माझ्याकडे दिलं आणि तोंडावर हात ठेवला. मग मुंडावळ्या सांभाळत सायली आली. तिने काही बोलण्याच्या आधी एक बोट जिन्यावरून वर नेलं. पहिली, दुसरी, आणि तिसऱ्या पायरीवर ते थांबलं. ती सुरेखाकडे वळली आणि तिच्या गळ्यात पडली. तो जिना मी केला होता हे सांगायची ती वेळ नव्हती, म्हणून मी नंतर तिघाचौघांना सांगितलं.

तोवर चाळीतली जुनी मंडळी जमली. कोण विरारहून आलेलं, कोण मीरा रोडहून, भाड्याच्या जागा मिळतील तिथे सगळे पांगलेले. टेबलाभोवती कोंडाळं झालं.

"ही माझी, चार नंबर."

"गोधडी बघ, आमच्याच दोरीवर. आमच्या सासूबाई काढायच्याच नाहीत ती."

"अरे, नळ बघ ना."

मी कडेला उभा राहून हे ऐकत होतो. सव्वीस वर्षांत एकाही बेअरिंगने मला असं समाधान दिलं नव्हतं.

मग एक उंच, पांढऱ्या शर्टातले म्हातारे गृहस्थ पुढे आले. सगळे त्यांना कदमकाका म्हणत होते. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, आणि वरच्या मजल्यावरून बोट फिरवायला लागले. "चौदा. पंधरा. सोळा. अठरा." बोट मागे गेलं. "पंधरा. सोळा. अठरा."

ते सरळ उभे राहिले. "सतरा नंबर कुठाय?"

मी वाकून बघितलं. सोळा आणि अठराच्या मध्ये नुसती पिवळी भिंत होती. तिथे जिना वर येतो, म्हणून चिकटवताना ती मोकळी जागा मला शोभेची वाटली होती. वहीत बावीस लिहिले होते, म्हणून मी भिंतीवरची दारं मोजलीच नव्हती.

"सतरा नंबरमध्ये कोण राहायचं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"मी. एक्केचाळीस वर्षं." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "बिल्डरच्या यादीतही माझं नाव पहिल्यांदा नव्हतं. मी त्या ऑफिसात तीन वर्षं खेटे घातले. गेल्या महिन्यात नाव लागलं. म्हटलं, आता सायलीच्या लग्नाला मोकळ्या मनाने जावं."

"काका, चूक माझी आहे. अनवधानाने राहिलं."

"बिल्डर पण हेच म्हणाला होता."

सुरेखा माझ्याकडे बघत होती. भाजी चिरताना बघत नव्हती तेच बरं होतं, असं वाटायला लागलं. मुहूर्ताला अर्धा तास होता. मी परबताईंकडे लग्नाची एक पत्रिका मागितली, हारवाल्याकडून कात्री घेतली आणि हॉलच्या स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याकडे मूठभर भात मागितला.

"पंगत बसायला वेळ आहे," तो म्हणाला.

"चिकटवायला हवाय."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाटीभर दिला. लग्नघरात माणसं कशीही वागतात, याची त्याला सवय असावी.

मी टेबलाशी बसून पत्रिकेतून दार कापलं. कदमकाका माझ्या खांद्याशी उभे. "जरा रुंद. आमचं कपाट आत न्यायचं होतं तेव्हा चौकट वाढवून घेतली होती." मी रुंद केलं. "कडी डाव्या हाताला." मी कडी काढली. सतरा लिहिलं. ते थांबले, मग जरा संकोचाने म्हणाले, "नाव पण लिहाल का? पाटी होती आमची." मी 'कदम' लिहिलं. मग भाताची चार शितं बोटाने चेपून लावली आणि दार भिंतीवर दाबून धरलं. पत्रिका लाल होती, आणि मी नेमका सोनेरी कलश छापलेला भाग कापला होता. अख्ख्या चाळीत तेवढं एकच दार झगमगत होतं.

कदमकाका दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. "सुंदर," ते म्हणाले. "आता बरं वाटतंय."

मला वाटलं, सुटलो. तर चौदा नंबरच्या बाई पुढे आल्या. "यांना कलश आणि आम्हाला बुटाचं खोकं?"

"वहिनी, ते घाईत झालं."

"मग आम्हालापण घाईत काहीतरी करा की."

चौदा नंबरला झेंडूच्या पाकळीचं तोरण लावलं. ते बघून नऊ नंबरने मागितलं. नऊला लावलं तर दहा नंबरचे म्हणाले, आमची आणि नऊची कधीच बरोबरी नव्हती, आम्हाला दोन. पाच-सहा दारं झाली असतील तोवर भटजींनी हाक दिली, सगळे उठून मांडवाकडे धावले, मीही धावलो. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्यांच्या हातात अक्षता होत्या आणि माझ्या हातात शिजलेला भात. पहिल्याच 'सावधान'ला सवयीने हात वर गेला. पुढच्या गृहस्थांनी नवा कोट घातला होता. ते वळले, खांद्याला बोट लावून बघितलं, आणि फक्त म्हणाले, "आधी जेवलात वाटतं."

पाठवणीच्या वेळी सायलीने चाळ दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही. ती गाडीत बसली, चाळ मांडीवर घेतली आणि परबताई खिडकीशी वाकल्या. मी रडणाऱ्या आया पुष्कळ बघितल्यात. या मात्र मुलीला बजावत होत्या, "तिसऱ्या पायरीला जपून हां." दोघी एकदम हसल्या, मग एकदम रडल्या, आणि गाडी निघाली.

घरी पोचलो तर आई पोथी वाचत होती. आम्हाला बघून तिने पानात खूण ठेवली. ती खूण तपकिरी होती. तिच्यावर सतरा लिहिलं होतं.

"आई, हे दार कुठे मिळालं तुला?"

"थंयच पडला होता, टेबलार. माका वाटला उरलेला."

"गेटपास?"

तिने खाटेशेजारची वही माझ्यापुढे सरकवली. नोंद होती. तारीख, वस्तू, नग, सही. घरात वही नीट ठेवणारं एकच माणूस होतं, आणि तिची वही पहिल्या नोंदीनंतर मी उघडून बघितली नव्हती.

त्या आठवड्यात मितालीने साईटचा पासवर्ड बदलला. साठ्याचं काम सुरेखाने स्वतःकडे घेतलं. ती रोज सकाळी चहा पिताना दोन मिनिटं खोलीकडे नजर टाकते आणि आकडे घालते. जुळतात. कसे, ते मी विचारलेलं नाही.

मागच्या गुरुवारी सहज म्हणून मी साईट उघडून बघितली, काही चूक दिसतेय का. मला ती आत घेईना. मी नाव, फोन नंबर सगळं भरलं, तर पडद्यावर आलं, 'नमस्कार, नवीन ग्राहक. पहिल्या खरेदीवर दहा टक्के सूट.' मी मितालीला जाब विचारणारच होतो, पण सूट तेवढ्या दिवसापुरतीच होती. म्हणून आधी नारळाची एक नवरी घेतली, पत्ता घरचाच टाकला. तीन दिवसांत घरपोच मिळेल असं उत्तर आलं.

आज पाचवा दिवस आहे. नारळाच्या तीन नवऱ्या शेजारच्या खोलीत फळीवर बसलेल्या मला इथून दिसतायत. सुरेखाला विचारलं, तर म्हणाली, "थांबा. तुमच्या आधी दोघींनी पैसे भरलेत."